‘काय वाटतंय?’ विचारण्याआधी: ऑटिस्टिक मुलाला स्वतःची ओळख करून देताना

नाशिकमधल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालेलं. बोलतो, पण बरंचसं ऐकलेलंच परत बोलतो. ‘काय होतंय?’ विचारलं की ‘होतंय’ म्हणतो, नाहीतर उठून जातो. शाळेत ‘अगदी शहाणा’, आणि घरी आला की अर्ध्या तासात किंचाळणं, भिंतीवर डोकं आपटणं. भावनांच्या चेहऱ्यांचा तक्ता वर्षभर करून घेतला. तक्त्यावर राग कुठला ते बरोबर दाखवतो, पण स्वतःला राग आला की तक्त्याचा काही उपयोग होत नाही. त्याला स्वतःच्या मनात काय चाललंय हे ओळखायला कसं शिकवायचं? आणि निदानाबद्दल त्याला सांगायचं का, कधी सांगायचं?

ताई, आधी थोडक्यात उत्तर देते. तक्ता तूर्त कपाटात ठेवा. चेहऱ्याऐवजी शरीरापासून सुरुवात करा. आणि शरीराबद्दल तो जे कळवेल ते ऐकून त्याप्रमाणे काहीतरी बदला. हे शेवटचं राहिलं तर पहिली दोन्ही वाया जातात, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत आणि थेरपी सेंटरांत राहून जातं.

चेहऱ्यांच्या तक्त्यावर मूल दुसऱ्याचा चेहरा वाचायला शिकतं. स्वतःचा राग मात्र चेहऱ्यावर दिसत नाही, तो जबड्यात, पोटात, तळहातांत जाणवतो. शरीराच्या आतून येणाऱ्या या खुणा टिपण्याला इंटरोसेप्शन म्हणतात: भूक, तहान, लघवीची कळ, धडधड, उकाडा, स्नायू आवळणं, सगळं त्यात आलं. अनेक ऑटिस्टिक मुलांमध्ये या खुणा एकतर फार पुसट येतात किंवा एकदम कर्कश येतात, मधलं काही नसतं. त्याशिवाय स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जाण्याला अॅलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांना ही अडचण असते, बाकी लोकांत साधारण वीसांत एकाला. त्यामुळे तुमचा मुलगा ‘होतंय’ म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो. काहीतरी होतंय एवढंच त्याला कळलेलं असतं, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे सांगतो.

हे सगळं सुरू करण्याआधी एक काम उरकून घ्या. डोकं आपटणं नवीन असेल किंवा वाढलं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे दुखणं शोधा. बद्धकोष्ठता, किडलेला दात, कानाचा संसर्ग, पित्त, डोकेदुखी, अपुरी झोप ही नेहमीची कारणं. फिट्सची शंका असेल तर तीही तपासून घ्यायची. खाण्याच्या ठरावीक चार वस्तूंवर जगणाऱ्या मुलांत लोह कमी निघतं, त्याने झोप आणि चिडचिड दोन्ही बिघडतात. सोबत चौदा दिवस एक वही ठेवा. प्रत्येक उद्रेकाची वेळ, त्याआधीचा अर्धा तास काय काय झालं, जागा, आवाज, शेवटचं खाणं-पाणी, आदल्या रात्रीची झोप, शी कधी झाली, एवढंच लिहायचं. ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केलं’ असलं काही लिहू नका. दोन आठवड्यांत बहुतेक वेळा एखादी ठळक जोडी दिसते: सकाळपासून पाणीच प्यालेला नाही, किंवा व्हॅनमधली गाणी.

आता शरीराचे सराव. एका आठवड्याला एकच अवयव घ्यायचा. सुरुवात हातांपासून, कारण हात डोळ्यांना दिसतात आणि त्यांची भीती वाटत नाही. दिवसातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं, तो शांत असताना. गार पाण्याचा स्टीलचा पेला धरायचा, मग कोमट पाण्यात बोटं बुडवायची. मुठी पाच आकड्यांपर्यंत आवळायच्या आणि सोडायच्या. तळहात दहा वेळा घासायचे. प्रत्येक वेळी दोनच चिठ्ठ्या समोर ठेवा: ‘गार’ आणि ‘गरम’, किंवा ‘घट्ट’ आणि ‘सैल’. तो बोट दाखवेल, बोलेल, किंवा काहीच करणार नाही, तिन्ही चालतं. चूक-बरोबर काही नसतं. कोमट पाण्यात हात घालून तो ‘गार’ म्हणाला तर दुरुस्त करू नका. ‘मला कोमट लागतंय’ एवढं स्वतःपुरतं म्हणा आणि पुढे जा. त्याला काय जाणवतंय ते तुम्ही ठरवायला लागलात की हा सरावही तक्त्यासारखा पाठांतराचा होतो.

हातांनंतर पाय, मग तोंड आणि जबडा, खांदे, श्वास, छाती, आणि सर्वांत शेवटी पोट आणि लघवी. छातीसाठी वीस उड्या मारून हात छातीवर ठेवायचा, दोन मिनिटं बसून पुन्हा ठेवायचा. काही मुलं धडधड जाणवली की घाबरतात. तसं झालं तर छाती दोन महिने पुढे ढकला, बिघडत काही नाही. पोटाच्या आणि लघवीच्या खुणा उशिरा कळतात, म्हणून तोवर घड्याळ वापरा: दर दोन तासांनी पाणी आणि बाथरूम. तहान लागेल तेव्हा मागेल, असं म्हणून थांबू नका. नाशिकच्या एप्रिलमध्ये तर मुळीच नाही.

शब्द निवडताना साधे घ्या: घट्ट, सैल, जड, मुंग्या, धडधड, गरम, ओढल्यासारखं, दुखतंय, खाज. ‘पोटात गोळा आला’, ‘जीव खालीवर होतोय’ हे शब्दशः ऐकणारं मूल खरोखर पोटात गोळा शोधतं. भावनांची नावं यायला तीन-चार महिने लागू देत. ‘जबडा घट्ट, हात गरम, पाय पळायला बघतात’ हे त्याच्या शरीरात नेहमी एकत्र येतं असं दोघांनाही दिसायला लागलं की मग म्हणायचं, ‘याला बरेच लोक राग म्हणतात.’ त्याच्या रागात जबडा नसून पोट असू शकतं, आणि आनंदातही त्याचे हात फडफडत असतील. पुस्तकातली भावना त्याच्या अंगावर चढवायची नाही.

घरातली बोलण्याची पद्धतही बदलावी लागते, आणि हे सगळ्यात अवघड जातं. ‘काय झालं? का रडतोस? सांग ना?’ हे तीन प्रश्न म्हणजे त्याच्यासाठी तीन परीक्षा. प्रश्न कमी करून स्वतःबद्दलची वाक्यं वाढवा. ‘माझे खांदे वर चढलेत. मी पाणी पिते.’ ‘कुकरची शिट्टी मोठी होती, मी दचकले.’ दिवसातून अशी पाच-सहा वाक्यं पुरतात. त्याला काही विचारलंच, तर मनात दहा मोजेपर्यंत गप्प राहा. दुसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारला की त्याच्या डोक्यातली जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते. आणि तो जे ऐकलेलं परत बोलतो त्याचीही यादी करा. लग्नात कंटाळल्यावर कुणीतरी म्हटलेलं ‘चला, रिक्षा आली’ हे वाक्य तो आज वर्गात म्हणत असेल, तर त्याला इथून जायचंय. अशी दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ एका कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला दिलेत, तर त्याचा उपयोग कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त होतो. तणावात शब्द जाणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा पर्याय हवाच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अॅप मराठीतही आहे. तो बोलतो, मग कशाला, असं म्हणू नका. बोलता येणाऱ्याचेही शब्द ऐनवेळी जातात.

दीड-दोन महिन्यांनी शरीरातल्या खळबळीची पातळी दाखवण्याचं साधन आणा. लाल-पिवळ्या रंगांपेक्षा पंख्याचा रेग्युलेटर मुलांना पटकन कळतो: १ ते ५. पुठ्ठ्यावर काढा, फिरणारी खुंटी लावा. प्रत्येक आकड्यासमोर त्याच्या वहीतून मिळालेल्या खुणा लिहा. उदाहरणार्थ, २ वर पाय हलतात, गुणगुणतो. ३ वर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, आवाज चढतो, कान लाल. ४ वर दात आवळलेले, शब्द संपतात. ५ म्हणजे किंचाळणं, आपटणं. त्यापुढे दुसरा रकाना, आणि त्यात मोठ्यांनी काय करायचं ते. पहिले पंधरा दिवस फक्त तुम्ही आणि त्याचे बाबा स्वतःचा आकडा लावा: ‘सिडकोहून येताना ट्रॅफिक होतं, मी ३ वर आहे.’ त्याने लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

हे साधन तीन कारणांनी फसतं. पहिलं, मूल भडकल्यावरच ते बाहेर काढलं जातं, म्हणजे त्याच्या लेखी ती शिक्षेची पाटी होते. दुसरं, १ म्हणजे चांगला मुलगा आणि ५ म्हणजे वाईट असा अर्थ चिकटतो, आणि मग मूल ४ वर असताना १ दाखवायला शिकतं. हे सगळ्यात घातक. मित्र आला म्हणून आनंदाने ४ वर जाणं उत्तमच आहे, हे मुद्दाम दाखवा. तिसरं, त्याने ३ दाखवल्यावर ‘बरं, हे पान संपव मग’ म्हटलं जातं. एकदोनदा असं झालं की तो पुन्हा दाखवत नाही.

३ वर काय कामाला येतं ते प्रत्येकाचं वेगळं, पण जड कामं बऱ्याच मुलांना मानवतात: अर्धी बादली उचलून नेणं, भिंत ढकलणं, कणीक मळणं, झोका. वजनदार गोधडी वापरायची तर मुलाच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, त्याला स्वतःला काढता येईल अशी, आणि डोक्यावर कधीच नाही. तिने झोप वाढते असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं नव्हतं, पण मुलांना ती आवडली होती. म्हणून झोपेसाठी महागडी घेऊ नका, दहा मिनिटांच्या विसाव्यासाठी घरची चालेल. दीर्घ श्वास शांत असताना शिकवायचा, साबणाचे फुगे किंवा पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढून. ४ वर असताना ‘श्वास घे, श्वास घे’ हा त्याला अजून एक आवाज असतो. हात फडफडणं, डुलणं, गोल फिरणं थांबवू नका. ते त्याने स्वतः शोधलेलं औषध आहे. इजा होत असेल तेवढंच बदलायचं.

४-५ वर शिकवणं पूर्ण बंद. बोलणं बंद किंवा दोन शब्दांत, ट्यूब बंद, पाहुणे दुसऱ्या खोलीत. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवा. जीवाला धोका नसेल तर धरून ठेवू नका, पकडल्याने बहुतेक मुलं आणखी भडकतात. उद्रेक ओसरल्यानंतरही शरीर मूळ जागी यायला वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे ‘बघ, काय केलंस’ हे त्या दिवशी नाहीच. दुसऱ्या दिवशी काड्यांची माणसं काढून चार चौकटींत काय झालं ते दाखवा, आणि त्यात इतरांच्या चुकाही काढा. काही मुलं ५ वर किंचाळत नाहीत, गोठतात: नजर स्थिर, हाक ऐकू येत नाही, कोपऱ्यात बसून राहतात. याला ‘शांत झाला’ समजलं जातं. तोही उद्रेकच असतो, फक्त आतल्या बाजूला.

नाशिकच्या आवाजांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथल्या ढोलाचं आपल्याला कौतुक आहे आणि गणपतीपासून लग्नापर्यंत तो कुठेही गाठतो. वाजत्या पथकाजवळ आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. मुलांचे कानावरचे मफ कागदावर २० ते २५ डेसिबल कमी करतात, नीट बसले नाहीत तर त्याहून कमी. म्हणजे मफ लावूनही चालू मिक्सरशेजारी उभं राहिल्याइतका आवाज उरतोच. शिवाय ढोलाचा ठोका छातीत बसतो, त्याला मफ काही करत नाही. आणि छातीतली धडधड ढोलाची की आपली, हे ज्याला मुळातच नीट कळत नाही त्याला तो ठोका भीतीसारखाच लागतो. खरा उपाय अंतर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल घटतात, मेन रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर तेवढेही नाहीत. मिरवणूक गच्चीवरून किंवा बंद खिडकीतून बघणं हे कमीपणाचं नाही. मफ दिवसभर लावून ठेवू नका, कानांना शांततेचीच सवय लागते आणि साधे आवाजही टोचायला लागतात. रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), चैत्रातली काळारामाची रथयात्रा, विसर्जनाचा मार्ग, आणि २०२७ च्या सिंहस्थात बदलणारे रस्ते, सगळं घरच्या कॅलेंडरवर आधीच लिहा, आणि ‘आपण जाणार नाही’ हा पर्यायही लिहा. रामकुंडावर जायचंच असेल तर सण नसलेल्या दिवशी सकाळी लवकर. रविवारी मिसळीला जायचं तर गर्दी व्हायच्या आत, दाराजवळचं टेबल, आणि तो ३ वर गेला की निघायचं, पाव अर्धा राहिला तरी.

यातूनच ‘नको’चा मुद्दा येतो. त्याला एक ‘नको’ आणि एक ‘थांब’ अशी दोन कार्डं द्या आणि दिवसातून काही वेळा तरी ती चालू द्या. आत्याला मिठी नको म्हणाला तर नमस्कार पुरे. जिथे पर्याय नाही, उदाहरणार्थ लसीकरण किंवा दात घासणं, तिथे तसं स्पष्ट सांगा आणि ‘कसं’ ते त्याला निवडू द्या: कुठला हात, कुठला ब्रश. सगळ्यांचं सगळं ऐकायची सवय लावलेलं मूल कुणी गैरस्पर्श केला तरी ऐकतं. मोठ्यांच्या सोयीपोटी ही गोष्ट दुर्लक्षली जाते.

शाळेत शहाणा आणि घरी वादळ, याचा अर्थ घरी लाड होतात असा नव्हे. तो पाच-सहा तास स्वतःला आवळून धरतो, इतरांसारखं दिसण्यासाठी, आणि सुरक्षित जागी येऊन सोडतो. मोठ्या वयात अशा सततच्या मुखवट्याचा संबंध चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशी अभ्यासांत दिसला आहे. म्हणून डोळ्यांत डोळे घालायला लावणं, हसून बोलल्याबद्दल चांदणी देणं, ‘हात खाली’ हे तुमच्या थेरपिस्टच्या उद्दिष्टांत असेल तर काढायला सांगा. घरी आल्यावर पाऊण तास एकही प्रश्न नाही: पाणी, ठरलेला खाऊ, पडदा ओढलेली खोली, त्याची आवडती गोष्ट. ट्यूशन त्यानंतर, आणि रोज नाही. शाळेकडे एकच मागणी करा, मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं शांत जागा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझम आहे आणि शाळांनी गरजेनुसार सोयी करून देणं त्यात अपेक्षित आहे. मागताना ओशाळू नका.

समजून घेणं एकट्या त्याच्याच डोक्यावर नको. ऑटिस्टिक आणि बिगरऑटिस्टिक माणसं एकमेकांना समजण्यात दोन्ही बाजूंनी चुकतात, हे डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं. वर्गातल्या मुलांना तो वाचता येत नाही, ही त्यांचीही शिकण्याची गोष्ट आहे.

आता निदानाचं. ठरावीक वय नाही, पण ‘मोठा झाला की सांगू’ हे बहुधा उशिराचं ठरतं. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रावर, दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो. वाचता येणारं मूल ते वाचतं. फोनवर मावशीशी दबक्या आवाजात झालेलं बोलणंही ऐकतं. त्याला तो वेगळा आहे हे आधीच कळलेलं असतं, फक्त त्यामागचं कारण कळलेलं नसतं, आणि ती रिकामी जागा मूल ‘मी वाईट आहे’ने भरतं. तुमच्या मुलाला आता सांगायला हरकत नाही.

पहिले काही आठवडे घरातल्या सगळ्यांचे फरक बोलत राहा: आजीला पंखा सोसत नाही, बाबांना नावं लक्षात राहत नाहीत. मग एखाद्या निवांत दिवशी, उद्रेकानंतर नाही, परीक्षेच्या आधी नाही, पाच मिनिटांत: ‘काही लोकांचा मेंदू आवाज आणि गर्दी जास्त टिपतो, आवडत्या गोष्टींत खोल जातो, आणि लोकांच्या बोलण्याचा अर्थ लावायला त्याला जास्त वेळ लागतो. अशा मेंदूला ऑटिस्टिक म्हणतात. तुझा तसा आहे. म्हणून मिक्सर तुला सहन होत नाही. आणि सिटीलिंकच्या बसचे मार्ग तुला पाठ होतात, त्यातही या मेंदूचा हात आहे.’ मार्गांच्या जागी त्याची जी आवड असेल ती घाला. हेच लिहून, चित्रांसह, त्याच्या कप्प्यात ठेवा. तो काहीच बोलला नाही तरी तीन आठवड्यांनी रात्री अकराला प्रश्न येऊ शकतो. ‘हे बरं होईल का?’ विचारलं तर: ‘हा आजार नाही, मेंदूची ठेवण आहे. त्रास होतो त्या गोष्टी मात्र आपण बदलू.’ ‘देवाचं खास मूल’ किंवा ‘अद्भुत शक्ती’ असं सांगू नका. गणितात अडलं की तो स्वतःला त्यातही नापास करेल. आणखी कुणाला सांगायचं हे यापुढे त्याला विचारून.

शेवटी, घरचे उपाय केव्हा पुरेसे नसतात ते. ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांना निदान करण्याजोगी चिंता असते आणि ती ‘ऑटिझमच आहे’ म्हणून सुटून जाते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बदललेली, आवडती गोष्टही नकोशी झालेली, येत असलेली कौशल्यं गेलेली, हालचाली विचित्र मंदावलेल्या किंवा मध्येच थिजलेल्या, स्वतःला इजा वाढलेली, ‘मला नको व्हायचंय’ सारखी वाक्यं (ऐकलेली वाटली तरी), यातलं काहीही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी किंवा नेहमीपेक्षा जास्त झोप आली तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या. रात्रीबेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मराठीतही मिळते, आणि ती आई-बाबांसाठीही आहे.